हंडी फुटल्यानंतर

गुरुपौर्णिमा झाली की लालबाग-परळच्या गल्ल्यांतून रात्री जेवणाच्या सुमारास एक ठरावीक आवाज ऐकू यायला लागतो. ढोल नाही, ताशा नाही. कोणीतरी एकच माणूस ओरडत असतो, "बस... बस खाली... मान आत घे... आता ऊठ. हळू. हळू सांगितलं ना!" गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो आणि गोपाळकाल्यापर्यंत सव्वा महिना चालतो. परवा औषधं घेऊन परत येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच सराव चालला होता. सहा थर लागले होते. सगळ्यात वरचा मुलगा हेल्मेट घालून उभा राहिला, त्याने दोन्ही हात वर केले आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वर पाहत नव्हतो. मी खालच्या माणसांच्या हातांकडे पाहत होतो. ही सवय मला तीस-बत्तीस वर्षांपूर्वी लागली. तिचं कारण पुढे येईलच.

दहीहंडीचा इतिहास सांगायला बसलं की लोक एकदम गोकुळात जाऊन पोचतात. मी इतिहासाचा मास्तर, मला तेवढ्या लांबचं दिसत नाही. जे दिसतं ते असं. वारकऱ्यांच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो. लाह्या, पोहे, दही एकत्र कालवायचं आणि एकमेकांच्या तोंडात घास घालायचा. कोणाचा हात कोणाच्या तोंडाला लागला हे त्या दिवशी विचारायचं नाही, हाच त्यातला मोठा अर्थ. तळकोकणात तर दशावतारी नाटकालाच 'दहीकाला' म्हणतात. रात्रभर राक्षस-देवांची लढाई चालते आणि पहाटे हंडी फुटते. पण या काल्यात उंचीचा काही संबंध नाही. हंडी हाताच्या अंतरावर असते, फार तर एखाद्या पोराला खांद्यावर घेतलं की झालं.

मग ती मुंबईत इतकी वर कशी गेली? माझा तर्क असा की तिला चाळींनी वर नेलं. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली) गिरणीत कामाला आला, त्याने काला बरोबर आणला. पण इथे देवळापुढचं अंगण नव्हतं. होत्या त्या समोरासमोर उभ्या असलेल्या दोन-तीन मजली चाळी आणि मधली अरुंद गल्ली. या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत दोरखंड ताणला की मधोमध हंडी लोंबकळणार. पहिल्या मजल्याच्या कठड्याला दोर बांधला तर तीन थर, दुसऱ्या मजल्याला बांधला तर चार-पाच. गोविंदांची हौस किती आहे यापेक्षा चाळीला मजले किती आहेत यावर हंडीची उंची ठरत होती. हे दोर कठड्याला बांधण्याचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण जोवर दोर चाळीला बांधलेला होता तोवर उंचीला आपोआप एक मर्यादा होती.

माझं लहानपण गिरगावातलं, ठाकूरद्वारच्या बाजूचं. १९५८-६० च्या सुमारास आमच्या वाडीतल्या हंडीत दही-पोहे असायचे. दोराला काकड्या, केळी, एखादा नारळ आणि रुपया-दोन रुपयांच्या काही नोटा लटकवलेल्या. साहित्य म्हणाल तर काहीच नाही. खाकी अर्धी चड्डी, गंजीफ्रॉक, अनवाणी पाय आणि कमरेला करकचून बांधलेला पंचा. हा पंचा शोभेचा नव्हता. त्याची गाठ पाठीमागे घ्यायची आणि चढणाऱ्याने तिच्यावर पायाचा अंगठा टेकवून खांदा गाठायचा. शिवाय कंबर बांधलेली असली की पाठीला आधार मिळतो. वरून बाया घागरी ओतायच्या. पाणी अंगावर पडलं की जोर येतो असं मोठी मुलं सांगत. मला फक्त हुडहुडी भरत असे आणि ओले खांदे पायाखालून सटकत. मी एकाच वर्षी तिसऱ्या थरात चढलो, तेही पाय लटपटल्यामुळे मला परत उतरवण्यात आलं. त्यानंतर माझी नेमणूक चपला सांभाळण्यावर झाली. असो.

१९६३ साली मनमोहन देसाईंचा 'ब्लफ मास्टर' आला. देसाई स्वतः खेतवाडीचे. त्यांनी शम्मी कपूरला गिरगावच्या रस्त्यावर थरांवर चढवलं आणि त्या गाण्यामुळे ज्यांनी गिरगाव कधी पाहिलं नाही त्यांनाही गोविंदा कळला. आमच्या भागात त्या चित्रीकरणात आपण खाली उभे होतो असं सांगणारी इतकी माणसं मला भेटली आहेत की ते सगळे खरे असते तर नऊ थर सहज लागले असते!

आता थोडं थरांच्या रचनेविषयी, कारण वर्तमानपत्रांत आकडे येतात, रचना येत नाही. सगळ्यात खाली पाया. पायात एक गोल नसतो. आतल्या गोलातल्या माणसांच्या खांद्यांवर दुसरा थर उभा राहतो, आणि त्यांच्या पाठीला छाती लावून बाहेर दुसरा, तिसरा, चौथा घेर. बाहेरच्या घेरातल्या माणसांवर कोणी चढत नाही. त्यांचं काम आतल्या माणसाला मागे सरकू न देणं आणि वरून कोणी पडलाच तर त्याला अंगावर घेणं. म्हणजे पाया हीच पथकाची गादी. दुसऱ्या थरापासून माणसं कमी कमी होत जातात. सगळ्यांची तोंडं आत, हात एकमेकांच्या खांद्यांवर, मान खाली. वर पाहायचं नाही, कारण वर पाहिलं की खांदा कलतो. वरचे थर आधी उकिडवे बसतात आणि खालचा थर स्थिर झाला की मग सावकाश उभे राहतात. सगळ्यात वर एकेकटी माणसं एकावर एक उभी असतात, त्यांना एक्के म्हणतात. चार एक्के लावणं हे मोठं कौशल्य मानतात. हिशेब करून पाहा. सगळ्यात वर पंचवीस किलोचा मुलगा, त्याच्याखाली पंचेचाळीस किलोचा, त्याच्याखाली पंचावन्न किलोचा. म्हणजे चौथ्या एक्क्याच्या दोन खांद्यांवर सव्वाशे किलो. तेही पाय दुसऱ्याच्या खांद्यावर टेकवून, बाजूला धरायला कोणी नसताना. पोत्याची हमाली करणाराही इतकं वजन जमिनीवर उभा राहून उचलतो.

दादरला आयडियल गल्लीच्या हंडीला नयन फाउंडेशनचं दृष्टिहीन गोविंदांचं पथक थर लावतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भीती वाटली. पाहिल्यावर कळलं की थरातल्या डोळस माणसालाही डोळ्यांचा उपयोग जवळजवळ नसतोच. सगळा कारभार तळपाय, खांदा आणि कानावर चालतो.

सत्तरच्या दशकात मी परळ भागातल्या शाळेत शिकवायला लागलो आणि गोविंदा मला गिरगावच्या बाहेरून दिसला. इथली मुलं गिरणी कामगारांची. गल्लीगल्लीत तालमी होत्या, कबड्डीचे संघ होते. पाळी सुटली की कामगार तालमीत जात. जोर-बैठका, लाल माती, मल्लखांब. पायातला माणूस तिथे घडायचा. आठ तास साच्यावर उभं राहणाऱ्याचे पाय आणि कुस्तीगिराची मान असली की त्याच्यावर खुशाल कोणीही चढावं. तीच माणसं एका खोलीत, एका गाळ्यात राहणारी, एका खानावळीत जेवणारी. कोणाचा खांदा दुखतो, कोणाला रात्रपाळी झाली आहे हे न विचारता माहीत असायचं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, मी इथे फक्त एक बारीक गोष्ट नोंदवतो. त्यानंतरच्या वर्षांत पायातली वयस्क माणसं गेली. काही गावी गेली, काही विरार-डोंबिवलीला. उरली ती विशी-पंचविशीतली पोरं, ज्यांना काम नव्हतं आणि अंगात रग होती. पुढे नव्वदच्या दशकात हंडीला पैसा लागला. दोर गॅलरीवरून सुटला आणि क्रेनला बांधला गेला. क्रेनला मजले नसतात. हजारांची बक्षिसं लाखांवर गेली, हंड्या ठाण्याला गेल्या, व्यासपीठावर पुढारी आणि नट-नट्या आल्या. आमची पथकं ट्रकमध्ये बसून एका दिवसात दहा-पंधरा हंड्या करायला लागली. गल्लीतली एक हंडी फोडून, आंघोळ करून, दही-पोहे खाऊन दुपारी झोपणारा गोविंदा संपला. रात्री दहाला पंधराव्या हंडीला उभा राहणारा पाया थकलेला असतो. अपघात वाढायला याहून वेगळं कारण शोधायला नको.

१९९३ सालची गोष्ट. माझ्या वर्गात सहावीत एक मुलगा होता. सव्वीस किलो वजन, माकडासारखा चपळ, एका पथकाचा एक्का. वर्गात त्याचा भाव मोठा होता आणि तो वाढवण्यात मीही होतो. गोपाळकाल्याच्या आदल्या आठवड्यात मी सिंहगड शिकवला. १६७०, तानाजी पडला, मावळे मागे फिरले, सूर्याजीने दोर कापून टाकले आणि म्हणाला आता परत जायला वाट नाही. हा प्रसंग मी दरवर्षी रंगवून सांगत असे. त्या वर्षी जोशात मी त्या मुलाकडे बोट दाखवून म्हणालो, "आपला एक्का असाच, वर चढला की खाली बघत नाही." मुलं हसली, तो लाजला.

काल्याच्या दिवशी मी हंडी पाहायला गेलो. एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो. सात थर सुरेख लागले. त्याने नारळाने हंडी फोडली, दही खाली सांडलं, गल्लीभर एकच आरोळी उठली. मीही ओरडत होतो. आणि त्याच क्षणी दुसऱ्या थरातल्या कोणीतरी आनंदाने दोन्ही हात वर केले. झालं. चढायला त्यांना पाच-सहा मिनिटं लागली असतील, खाली यायला दोन सेकंदसुद्धा लागली नाहीत. पायाचा घेर तेव्हा विस्कटलेला होता, कारण घेरातली माणसंही नाचायला लागली होती. मुलगा दोघांच्या खांद्यावर आपटून डांबरावर आला. उजवं कोपर मोडलं. टॅक्सीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तो रडत नव्हता याचंच मला भय वाटत होतं.

दिवाळीनंतर तो शाळेत आला. हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, "कसा आहेस रे?" तर म्हणाला, "सर, हंडी मीच फोडली ना?" मी हो म्हटलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या माझ्या नोकरीतल्या ज्या थोड्या गोष्टींची मला अजून लाज वाटते, त्यांतली एक आहेत. त्याचा हात पुढे कधीच पूर्ण सरळ झाला नाही. आणि सिंहगड शिकवताना दोर कापण्याच्या प्रसंगाशी आलो की मी त्यानंतर थोडा घाईने पुढे जात असे.

काही वर्षांपूर्वी नातीने मला मोबाइलवर स्पेनमधल्या कॅटलोनियाची चित्रफीत दाखवली. "आजोबा, यांचापण गोविंदा!" म्हणाली. पाहतो तर खरोखरच माणसांचे मनोरे. त्यांना 'कास्टेल' म्हणतात, म्हणजे किल्ले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तारागोना भागातल्या वाल्स गावी ही परंपरा सुरू झाली. पांढऱ्या विजारी, कमरेला लांबच लांब काळा पट्टा गुंडाळलेला, आणि त्या पट्ट्यावर पाय देऊन मुलं वर चढतात. आमचा पंचाच की! पायाही तसाच, शेकडो माणसांचा घट्ट घेर. सगळ्यात वरचं मूल एक हात वर करतं आणि मनोरा पूर्ण झाला असं समजतात. यांनी दहा मजल्यांचे मनोरे १९९८ सालीच उभे केले होते, आणि २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवाचा वारसा म्हणून मान्यता दिली.

पण मला थक्क केलं ते त्यांच्या गुण देण्याच्या पद्धतीने. वरच्या मुलाने हात वर केला म्हणजे काम निम्मं झालं. मनोरा शेवटच्या माणसापर्यंत नीट उतरवला तरच पूर्ण गुण. वर जाऊन कोसळला तर त्याची नोंद वेगळ्या शब्दाने होते आणि गुण कमी मिळतात. म्हणून हात वर झाल्यावर तिथे कोणी नाचत नाही. सनईसारखं त्यांचं वाद्य वाजत राहतं, घेर तसाच घट्ट राहतो आणि पोरं पाठीवरून घसरत घसरत खाली येतात. नाचगाणं त्यानंतर. तिथेही अपघात झाले आहेत. २००६ साली पडलेल्या एका लहान मुलीचा मृत्यू झाला आणि वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर खास बनवलेली हेल्मेट आली. परंपरा बुडाली अशी ओरड तिथेही काही काळ झाली म्हणतात, मग सवय झाली.

आपल्याकडे हंडी फुटली की संपलं. बक्षिसाच्या फलकावर आठ थरांना इतके, नऊ थरांना इतके असं लिहिलेलं असतं. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांनी ४३.७९ फूट उंची गाठली आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर लावले. या मुलांचं कसब खरोखर थोर आहे. मी ते नाकारत नाही, मला तेवढ्या उंचीच्या खिडकीतून वाकून बघवत नाही.

कोर्टकचेरीचा इतिहास थोडक्यात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंची वीस फुटांवर आणली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये तीच मर्यादा कायम राहिली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही हे सरकारचं आश्वासन मान्य केलं. मधेच २०१५ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवलं, २०२२ मध्ये ती घोषणा पुन्हा झाली, तिच्याबरोबर मृत्यू झाल्यास दहा लाखांचं साहाय्य आणि सरकारी नोकरीत खेळाडूंचं आरक्षण याही गोष्टी आल्या. २०२३ पासून प्रो गोविंदा लीग सुरू झाली, बंदिस्त सभागृहात, गाद्यांवर.

चौदा वर्षांची अट मला पटते. वीस फुटांची अट कोणी पाळणार नव्हतं हे ती घालताना दिसतच होतं. पण 'साहसी खेळ' या शब्दाकडे मी इतिहासाच्या मास्तराच्या नजरेने पाहतो. दादर-परळची जी पोरं शनिवारी रात्री कसारा लोकल पकडून हरिश्चंद्रगडाला जातात त्यांना विचारा. कोकणकड्यावर उभं राहिल्याचा फोटो काढला म्हणजे ट्रेक झाला असं त्यांच्यातला कोणीही शहाणा मुलगा म्हणणार नाही. पाचनईला किंवा खिरेश्वरला खाली पोचून एसटीत बसल्यावर तो संपतो. साहसाची व्याख्या सरकारने केली, विमा केला, हेल्मेट सांगितलं, पट्टा सांगितला. फलकावरच्या आकड्यात उतरण्याला जागा मात्र कोणी दिली नाही. आणि गंमत अशी की सरावात प्रत्येक पथक रोज नीट उतरतं. न उतरलं तर दुसऱ्या दिवशी सरावाला माणसं कुठून येतील? ते फक्त हंडीच्या दिवशी विसरलं जातं.

तर परवाचा सराव. जो माणूस ओरडत होता, तो माझा तोच विद्यार्थी. आता त्रेचाळीस वर्षांचा. वायरमनचं काम करतो आणि सव्वा महिना गल्लीतल्या पोरांना शिकवतो. एक्का होऊ पाहणाऱ्या मुलाचं आधार कार्ड आधी बघून घेतो, चौदा पुरे नसतील तर परत पाठवतो. मग आईबाप येऊन भांडतात. उजवा हात कोपरात किंचित वाकलेला, त्यामुळे वर बोट दाखवतो तेही तिरकं दिसतं. टाळ्या वाजवणाऱ्यांवर तो खेकसला, "टाळ्या नंतर!" एक्का पाठीवरून घसरत आला, दुसरा उतरला, तिसऱ्या थरातल्या एकाने घाईने खाली उडी टाकली, तरी घेर हलला नाही. सगळे जमिनीवर आले. कोणीतरी लहान्याच्या हातात केळं दिलं.

मला पाहून तो जवळ आला. "सर, या खुर्चीवर बसा."

मी म्हटलं, "झाला ना सराव? छान लावलेत की सहा."

"नाही सर, तिसऱ्याने उडी टाकली." मग वळून ओरडला, "परत लावा! केळं ठेव खाली."